नो केनची रात्र

१५ नोव्हेंबर २०२१ ला मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यावर मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून हजर झालो. गळीत हंगाम सुरू होऊन महिना उलटला होता. चालू हंगामात आलेल्या माणसाला कोणी शेजारी बसवून शिकवत नाही. पहिल्याच दिवशी आठ ते चारची पाळी लागली, म्हणजे रात्री आठ ते पहाटे चार. त्याआधीची सहा वर्षं माझी वाळव्याकडे गेली होती. तिकडे रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसामागे निघणारी साखर, बारा किलोच्या वर, इकडे दहाच्या आसपास. रस वेगळा, चुना वेगळा. तिकडचा बसलेला हात इकडे चालेना.

आठवड्यानं बायको आणि सहा वर्षांची मुलगी आल्या. एसटीचा संप चालू होता, त्यामुळे सामानाच्याच टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून दोघी दिवसभर आदळत आल्या. कॉलनीतलं क्वार्टर दोन खोल्यांचं, मिलहाऊसपासून दोनेकशे मीटरवर. चोवीस तास घरघर, वर भोंगा, मळीचा वास आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी. मुलीला झोप लागायची नाही. मी दिवसा झोपायचो, म्हणून बायको खोकी उघडायची नाही. एक कुकर, तीन ताटं, तीन चादरी, एवढ्यावरच संसार चालला होता. "नंतर लावू," असं आम्ही रोज म्हणायचो.

१ डिसेंबरला पहिली ते चौथीचे वर्ग उघडणार होते. मुलगी बालवाडीत असताना मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हापासून तिनं वर्ग पाहिलाच नव्हता. आणि नेमका त्याच दिवशी पाऊस. डिसेंबरात आषाढासारखा, गार वाऱ्याचा. छत्र्या कुठल्या खोक्यात होत्या ते आठवेना. शेवटी शेजारच्या आक्कांनी साखरेच्या पोत्याची खोळ करून तिच्या डोक्यावर घातली आणि ती तशीच शाळेत गेली. मी फाटकापर्यंत सोडून आलो. तिनं मागे वळून पाहिलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

रात्री कामावर गेलो तर केनयार्ड ओस. एरवी ट्रॅक्टर, जुगाड, बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत असायची. आज फडात चिखल झाला होता, गाड्या रुतल्या होत्या, तोड बंद. गव्हाणीत, म्हणजे मिलच्या तोंडाशी, ऊस होता तो फार तर साडेबारापर्यंत पुरणार. म्हणजे 'नो केन'.

ऊस संपला की मिल थांबते, पण रस थांबत नाही. क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे रस निवळायच्या टाकीत, त्या वेळी साडेचारशे टनांच्या आसपास रस होता. उभा राहिलेला रस हळूहळू आम्ल होतो आणि त्यातली साखर फुटते, ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन मळीत जाते. तापमान सत्तर अंशांच्या खाली उतरलं तर जंतू धरतात, रसाला बुळबुळीत तार येते. तो आटवून सिरप केला की धोका टळतो, पण आटवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. आणि उघड्यावरचा बगॅसचा ढीग भिजून लगदा झालेला. शेडमध्ये कोरडा माल होता तो बॉयलरवाल्यांच्या हिशेबानं पाच तासांचा.

चीफ केमिस्ट नगरला अडकले होते. फोनला रेंज नव्हती. निर्णय माझ्यावर आला.

अकरा वाजता मी लाईमिंगवरच्या, म्हणजे रसात चुना घालणाऱ्या, तात्यांना चुना वाढवायला सांगितला. रसाचा पीएच सात ठेवतो (त्याखाली गेला की रस आम्ल), तो साडेसातच्या जवळ न्यायचा, म्हणजे थांबलेल्या वेळात उतरला तरी सातच्या फार खाली जाणार नाही.

तात्यांची तिथे सव्वीस वर्षं झालेली. ते म्हणाले, "साहेब, साखर पिवळी पडंल."

"पडू द्या तात्या. फुटली तर हातीच लागणार नाही."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला.

बारा चाळीसला मिल थांबली. पुढे दर अर्ध्या तासाला मी स्वतः नमुना काढला. ७.४, ७.३, ७.३. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरवरच्या पोरांनी कमी वाफेवर जे केलं ते मी आधी कुठेच पाहिलं नव्हतं. प्रेशर पडेल तसा रस कमी घेत, हातानं धरल्यासारखं त्यांनी ते यंत्र चालवलं. सिरपची साखर बनवणाऱ्या पॅनवरचे अण्णा काचेवर दाणा बघत बसून होते. चारला पाळी संपली, पण उठलो नाही. साडेपाचला क्लॅरिफायरच्या तळचा नमुना आला ६.९, आणि वरचा सगळा रस सिरपच्या टाकीत होता. तात्यांनी न विचारता माझ्यासमोर चहा ठेवला.

उजाडताना घरी निघालो तर कॉलनीतल्या प्रत्येक घरात दिवा. आमचं दार सताड उघडं. आत सगळी खोकी फोडलेली, भांडी जमिनीवर, आणि बायको कुठेच नाही.

ती शाळेत होती. कारखाना थांबताच सगळी कॉलनी जागी झाली होती. "आवाज बंद पडला आणि पोरगी दचकून उठली. सगळेच बाहेर आले," ती म्हणाली. तेवढ्यात वॉचमन सांगत आला की कॅनॉलकडेच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, पाणी शिरलंय. ऊसतोड्यांच्या टोळ्या, बहुतेक बीडकडच्या, पोरंबाळं आणि भिजलेली शिधासामग्री घेऊन बांधावर उभ्या होत्या. शाळेचे वर्ग उघडून त्यांना आत घेतलं. आमच्या लग्नातल्या गोधड्या, मोठं पातेलं, स्टोव्ह, सगळं त्या रात्री खोक्यांतून निघालं. दोन बैल व्हरांड्यातच बांधले होते. आमची मुलगी तिच्याच वर्गात, तिच्याएवढ्याच एका मुलीशेजारी झोपली होती.

ऊसतोड्यांना टनावर मजुरी मिळते. पाऊस पडला की तोड नाही आणि मजुरीही नाही, आगाऊ घेतलेली उचल मात्र डोक्यावर तशीच. माझ्या रसाची मला रात्रभर काळजी होती. तोडणारी माणसं कुठे असतील हे एकदाही मनात आलं नव्हतं. ते अजून सलतं.

चौथ्या दिवशी गाळप सुरू झालं. त्या रात्रीच्या सिरपची साखर किंचित पिवळसर निघाली. चीफसाहेबांनी नमुना बोटांत चोळून पाहिला, पुडी बांधून ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाले, "चालतंय." तो हंगाम पुढे जूनपर्यंत लांबला. राज्यात त्या वर्षी १३७ लाख टन साखर झाली.

गोधड्या शाळेच्या कुंपणावर वाळवून परत आल्या, चुलीच्या धुराचा वास घेऊन. एक आली नाही. ती एका ओल्या बाळंतिणीच्या अंगावर होती. बायको म्हणाली, "राहू दे तिच्याकडेच." त्या संध्याकाळी भोंगा झाला, घरघर सुरू झाली आणि मी डबा घेऊन आठच्या पाळीला निघालो, तेव्हा मुलगी झोपून गेली होती.