काचपेटीतला मे महिना

ताप मोजायच्या काचेच्या थर्मामीटरवर शेवटची खूण ४२ अंशांची असते. नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तापला की बाहेरच ४५ होतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात वैद्यकाच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं आणि जुना थर्मामीटर पश्चिमेच्या खिडकीखालच्या बंद काचपेटीत ठेवला, तर दुपारी पाऱ्याला चढायला जागा उरत नाही आणि टोकाचा फुगा तडकू शकतो. पारा सांडलाच तर झाडू मारायचा नाही, एका थेंबाचे शंभर होतात. पंखा बंद, खिडक्या उघड्या, आणि जाड कागदाच्या कडेने थेंब एकत्र लोटून घट्ट झाकणाच्या बरणीत. १८६६च्या सुमारास हे यंत्र सहा इंचांवर आणणारे क्लिफर्ड ऑलबट हे लीड्सचे डॉक्टर. आधीचे थर्मामीटर फूटभर लांब, ताप सांगायला वीस मिनिटं घेणारे. त्या भल्या माणसाला नागपूरचा मे कुठून सुचणार!

उन्हाला आपला उतारा ठरलेला: कूलर. खसाचा गारवा माणसाला सुखाचा, पण प्रदर्शनातल्या जुन्या पुस्तकांच्या कागदाला भोवतो. मे महिन्यात कोरड्या ठणठणीत पडलेल्या दालनात कूलर सुरू झाला की दमटपणा एकदम वर चढतो. संध्याकाळी कुलूप लागलं, कूलर बंद झाला, की पुन्हा खाली. कागद रोज फुगतो, रोज आकसतो, आणि चामडी बांधणीचे पुठ्ठे पंधरवड्यात वाकू लागतात. म्हणून पेटी कूलरच्या झोतापासून लांब, आतल्या भिंतीला. तळाच्या फळीखाली आधी ५० टक्के आर्द्रतेवर आणलेलं सिलिका जेल पसरायचं, म्हणजे हवा कोरडी पडली तर ते ओल सोडतं आणि दमट झाली तर शोषतं. बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्या टाकून काही होत नाही. शेजारी छोटा आर्द्रतामापक हवाच.

उजेडाचा हिशेब तर तोंडी करण्यासारखा आहे. जुन्या शाईच्या कागदावर ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) पुरे. थेट उन्हात लाखभर लक्स असतात. म्हणजे उन्हातला एक तास हा त्या मंद दिव्याखालच्या रोज आठ तासांच्या २५० दिवसांइतका. पुस्तक सपाट उघडायचं नाही. दोन्ही पुठ्ठ्यांखाली फोमचे उतार देऊन १२० अंशांपर्यंतच. पान धरायला पारदर्शक पॉलिएस्टरची पट्टी. रबरबँड नको, आणि सेलोटेपचं तर नावही नको.

इथवर सगळं ग्रंथपालांच्या हातात असतं. मग शेजारच्या दालनात चित्रकलेचे विद्यार्थी संकल्पना घेऊन येतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. जुन्या वस्तू निपचित पडलेल्या असतात, ही ताजी कामं मात्र श्वास सोडतात, म्हणजे वाफा आणि ओल: ओला फेविकॉल, नवं प्लायवुड, न वाळलेला तैलरंग. प्लास्टर सगळ्यात फसवं. १८५२ साली मॅथाइसेन या डच लष्करी डॉक्टरांनी मोडक्या हाडांसाठी प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या, तेव्हा विद्यार्थ्यांच्या ‘हाडांची कथा’ अशा मांडणीत प्लास्टरचा हात हवा हे रास्तच. पण तो वरून पांढराफेक दिसला तरी आत ओल दडलेली असते. गालाला लावून बघा, गार लागला तर ओला. दोन दिवस सलग वजन तेवढंच भरलं की मगच कागदाच्या पेटीजवळ आणायचा.

मला विचाराल तर वस्तूंशेजारच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहायला या पोरांनाच बसवावं. शस्त्रक्रियेच्या जुन्या करवतीपाशी ‘करवत, पोलाद, लाकडी मूठ’ असं वाचून कुणी थांबत नाही. १८४६मध्ये बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली. त्याआधी असली करवत चालायची ती जागत्या माणसावर. पोरं तिच्याशेजारी नुसतं एक टिकटिकणारं घड्याळ ठेवतील, आणि ते पुरेल.

गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा पडदा मात्र वारंवार दिसतो. हवेने तो इतका खडखडतो की वाचनकक्षातून तक्रार येते. दोऱ्याऐवजी मधे कापडाची पट्टी शिवली की गप्प बसतो. प्रत्येक कप्पा ओल्या फडक्याने पुसून वाळवावा लागतो, हे पहिल्या खेपेस कुणाच्या डोक्यात येत नाही. साखरेच्या लेपाचा चुरा राहतो, दोन दिवसांत मुंग्यांची रांग लागते, आणि ती रांग संकल्पनेचा भाग नाही हे प्रेक्षकांना सांगत बसावं लागतं.