स्कूल बोर्डाच्या टीव्ही केंद्रावर मराठी कार्यक्रम: माझा अनुभव

अमेरिकेतील आमच्या रविवारच्या मराठी शाळेतील मुलांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम येथील सार्वजनिक टीव्ही केंद्रावरून प्रसारित झाला, याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी बसवलेला हा कार्यक्रम लोकांना दिसेपर्यंत वसंत ऋतूही सरत आला होता आणि तो सगळा उशीर एकाच कार्यालयात झाला, याचा राग अजून गेलेला नाही.

ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी सर्वांत आधी केंद्राचा परवाना कोणाच्या नावावर आहे हे पाहावे. १९५२ मध्ये एफसीसीने, म्हणजे प्रसारणाचे परवाने देणाऱ्या अमेरिकी संघीय आयोगाने, २४२ वाहिन्या बिगर-व्यावसायिक शैक्षणिक प्रसारणासाठी राखून ठेवल्या. पुढे असे परवाने घेणाऱ्यांत विद्यापीठांबरोबर स्कूल बोर्डे (स्थानिक सरकारी शाळा चालवणारी मंडळे) आणि नगर प्रशासनेही होती. लॉस एंजेलिसचे केएलसीएस तेथील युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्टचे (सरकारी शाळांच्या स्थानिक यंत्रणेचे), लास वेगासचे व्हेगास पीबीएस क्लार्क काउंटी स्कूल डिस्ट्रिक्टचे. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएनवायई आधी शहराच्या शिक्षण मंडळाकडे होते, नंतर ते नगर प्रशासनाकडे गेले. आमचे केंद्र यांपैकी कोणतेही नाही, पण घडण तीच. तेथील कर्मचारी स्कूल बोर्डाचे नोकर असल्यामुळे बाहेरच्या संस्थेशी होणारा करार शाळांच्या बसगाड्या आणि उपाहारगृहाचा माल ज्या टेबलावरून मंजूर होतो त्याच टेबलावरून जातो.

केंद्राच्या कार्यक्रम विभागाने आमचे चित्रीकरण पाहून लगेच होकार दिला. अमेरिकी काँग्रेसने २०२५ मध्ये अशा केंद्रांना सरकारी अनुदान वाटणाऱ्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाचा दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी काढून घेतल्यानंतर विनामूल्य मिळणाऱ्या स्थानिक कार्यक्रमाची त्यांना खरी गरज होती. पालकांची संमतिपत्रेही बघता बघता जमली.

त्यानंतर कागद स्कूल बोर्डाच्या खरेदी विभागात गेले आणि तेथेच अडले. आम्ही काहीही विकत नव्हतो, एक डॉलरही मागत नव्हतो. तरीही त्या विभागाच्या यादीत आमच्यासारख्यांसाठी वेगळा रकानाच नसल्यामुळे आमच्या मराठी मंडळाला ‘व्हेंडर’ (माल पुरवणारा) म्हणून नोंदणी करावी लागली. मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असल्याने करविषयक कागद तयार होते. पण मालाचा प्रकार कोणता, एककाचा दर किती, पुरवठ्याची मुदत काय, हे रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. दराच्या जागी शून्य लिहिले की संगणक तो आकडा नाकारत असे. फोन केला की ‘फाइल तपासणीत आहे’ एवढेच उत्तर मिळे आणि तपासणी कोण करत आहे हे कोणी सांगत नसे. अखेर केंद्रातील एका भल्या अधिकाऱ्याने आपल्या सहीचे पत्र जोडले, तेव्हा कुठे तो रकाना ओलांडता आला.

मग दहा लाख डॉलरच्या दायित्व विम्याचे, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचे, प्रमाणपत्र मागण्यात आले. विमा आमच्याकडे होता. विमा एजंटाने विभागाच्याच पत्रात जसे होते तसे केंद्राचे नाव घालून प्रमाणपत्र पाठवले आणि ते ‘अमान्य’ असा शेरा मारून परत आले. कारण लिहिलेले नव्हते. दुसऱ्यांदा पाठवले, तेही तसेच परत आले. मुले दर रविवारी ‘आपला कार्यक्रम कधी लागणार?’ असे विचारत होती आणि त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. शेवटी एफसीसीच्या संकेतस्थळावर त्या केंद्राची सार्वजनिक फाइल उघडली. ही फाइल ठेवणे अशा केंद्रांना बंधनकारक आहे आणि ती कोणालाही पाहता येते. तेथे परवानाधारक म्हणून स्कूल बोर्डाचे पूर्ण कायदेशीर नाव होते. केंद्राचे नाव हे केवळ प्रसारणाचे नाव आहे. कायद्याच्या दृष्टीने करार होतो तो बोर्डाशी. प्रमाणपत्राच्या तळाशी डावीकडच्या चौकटीत ते नाव जसेच्या तसे घातल्यावर कागद मंजूर झाला. हे एक वाक्य त्या विभागाने पहिल्याच पत्रात लिहिले असते, तर २७ फेब्रुवारी हुकली नसती असे माझे ठाम मत आहे.

करार बोर्डाच्या सभेत संमत व्हावा लागतो आणि तोपर्यंत त्या महिन्याच्या सभेची कार्यक्रमपत्रिका बंद झाली होती. विषय दाखल करण्याची शेवटची तारीख सभेच्या बरीच आधी असते. ती आधीच विचारून ठेवावी. पुढच्या सभेत नागरिकांना बोलण्यासाठी मिळणाऱ्या वेळेत मी नाव नोंदवले आणि विनामूल्य कार्यक्रम देणाऱ्या संस्थांसाठी वेगळा, साधा अर्ज असावा अशी मागणी केली. बोर्डाचे सदस्य मतदारांनी निवडून दिलेले असतात आणि ते ऐकून घेतात, हा अनुभव चांगला आला. आमच्या कराराचा ठराव इतर किरकोळ विषयांबरोबर चर्चेविना संमत झाला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. चित्रीकरणाला मदत करणाऱ्या दुकानाचे नाव श्रेयनामावलीत देता येते, परंतु किंमत, सवलत किंवा ‘अवश्य भेट द्या’ असे आवाहन या बिगर-व्यावसायिक केंद्रांवर चालत नाही. आमच्या एका देणगीदाराची पाटी त्यामुळे नव्याने करावी लागली. इंग्रजी उपशीर्षके मात्र आम्ही सुरुवातीलाच घातली होती. प्रसारणानंतर मुलांच्या अमेरिकन शिक्षकांनी कार्यक्रम पाहून आवर्जून कळवले, ते त्या उपशीर्षकांमुळेच. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचा विमा कागद योग्य नावासह आताच काढून ठेवला आहे.