बोल्ट वेगळा मिळत नाही

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म, आणि त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा म्हणजे बुश. ते बदलणं हे तसं किरकोळ काम. चाक उतरवा, बोल्ट सोडा, आर्म बाहेर घ्या, जुनं बुश प्रेसवर दाबून काढा, नवं बसवा. पण गाडी जुनी असली की खरी गाठ गंजाशी पडते. बुशाच्या पोटात लोखंडी नळी असते आणि तिच्यातून बोल्ट जातो. पाणी झिरपून झिरपून दोन्ही एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरतोसुद्धा, पण त्याच्याबरोबर नळीही फिरते आणि रबर पिळवटतं. बोल्ट काही बाहेर येत नाही.

त्या दिवशी शाळेची मुलं नेणाऱ्या एका काकांची व्हॅन गॅरेजात स्टँडवर चढवलेली होती. गंज सोडवणारं तेल झालं, गरम करून झालं, हातोडा झाला. शेवटी ब्रॅकेट, म्हणजे आर्म धरून ठेवणारी गाडीची लोखंडी पकड, आणि बुश यांच्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. आर्म मोकळा झाला आणि तोही धडधाकट निघाला. नवं बुश होतंच. नव्हता तो फक्त बोल्ट.

कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारलं तर, "तो बोल्ट वेगळा मिळत नाही, आर्मच्या सेटबरोबरच येतो." म्हणजे एका बोल्टासाठी अख्खा आर्म घ्यायचा. काकांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, काहीतरी बघा. उद्या सकाळी पोरं रस्त्यावर उभी असतील."

अशा वेळी बरेच जण गाडीचं नाव सांगत दुकानं पालथी घालतात. मी ते करत नाही. बोल्टाला गाडीचं नाव ठाऊक नसतं. मी कापलेले तुकडे ब्रशने घासून टेबलावर जुळवले आणि बारीक मापं घेणारा व्हर्नियर लावला. जाडी १४ मिलिमीटर. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजायचा गेज टेकवला तर १.५ मिलिमीटर, म्हणजे बारीक आटे. साध्या दुकानात १४चा बोल्ट मागितला तर २ पिचचा, जाड आट्यांचा हातात पडतो. डोक्यावर १०.९, हा बोल्टाच्या ताकदीचा आकडा. डोक्याखाली लांबी ७५, आणि त्यातले आटे फक्त शेवटच्या २० मिलिमीटरवर. बाकी दांडी गुळगुळीत.

सगळी मेख त्या गुळगुळीत दांडीत होती. नळी आणि ब्रॅकेटची भोकं तिच्यावर टेकतात. तिथे आटे आले तर भोक खाल्लं जातं, आणि बोल्ट तुटायचा झाला तर आट्याच्या खाचेतूनच तुटतो. बाजारातला अर्ध्या आट्यांचा बारीक पिचचा बोल्ट डीआयएन ९६० या मानकाप्रमाणे येतो. १२५ मिलिमीटर लांबीपर्यंत त्याच्या आट्यांची लांबी जाडीच्या दुप्पट अधिक ६ असते. १४च्या बोल्टाला ३४. म्हणजे ७५ लांबीचा घेतला तर कोरी दांडी ४१च उरणार. मला हवी होती निदान ५५. मग ९० लांबीचा घ्यायचा, दांडी ५६ मिळते, आणि मागचे जादा आटे कापून टाकायचे. हा हिशेब कागदावर झाला आणि माझ्या दृष्टीने काम तिथेच निम्मं संपलं.

इकडे मी आकडेमोड करतोय, तोवर काका कुठूनतरी चकचकीत स्टेनलेसचा बोल्ट घेऊन आले. जाडी, लांबी बरोबर. "हा गंजणारच नाही," म्हणाले. मी डोक्यावरची ए२-७० ही स्टेनलेसच्या ताकदीची खूण दाखवली. १०.९चा बोल्ट साधारण १००० मेगापास्कल इतक्या ताणाला तुटतो आणि ९००पर्यंत ताणला तरी सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. हा स्टेनलेस ७००ला तुटणार आणि ४५०लाच कायमचा लांबणार. इथला बोल्ट नुसता अडकवलेल्या खिळ्यासारखा नसतो, तो ब्रॅकेटच्या दोन भिंती नळीवर आवळून धरतो. तो लांबला की आवळ गेली, आवळ गेली की आर्म ठोकरा मारत भोक मोठं करणार. काकांना पटलं, पण पैसे गेल्याची चुटपुट लागलीच. तो बोल्ट नंतर मडगार्डच्या पट्टीला कामाला आला, तिथे तो अगदी योग्य.

भंगारातल्या तशाच गाडीचा बोल्ट काढू का, असं माझ्या पोराने विचारलं. तोही तितकाच गंजलेला असणार, आणि आधी कुणी किती ताणलाय ते दिसत नाही. पत्रा, आरसा, दाराची मूठ भंगारातून खुशाल आणावी; सस्पेन्शन आणि ब्रेकचे बोल्ट नाही.

हवा तो बोल्ट शेवटी मोटारीच्या नव्हे, अवजड यंत्रांचे नट-बोल्ट विकणाऱ्याकडे मिळाला. त्याला गाडी सांगितलीच नाही. जाडी, पिच, लांबी, १०.९ आणि मानकाचा नंबर सांगितला. त्याने खोका उघडून एक काढून दिला. सोबत १० नंबर ताकदीचा लॉकनट, म्हणजे आपोआप न सुटणारा नट, आणि दोन कडक वॉशर. वॉशर एवढ्यासाठी की मूळ बोल्टाच्या डोक्याला फ्लेंज, म्हणजे रुंद कड, होती, याला नाही. मऊ वॉशर दबतो आणि आवळ सैल पडते. सगळं मिळून आर्मच्या किमतीपुढे हिशेबात धरण्यासारखं नव्हतं.

टोक कापताना आधी एक नट चढवून ठेवला. कापून, कड घासून तो परत काढला की बिघडलेले आटे सरळ होतात. कोऱ्या दांडीला पातळ ग्रीस लावलं, म्हणजे पुढच्या वेळी करवत लागू नये. आट्यांना मात्र नाही, कारण तेलकट आट्यांवर तेवढाच टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला तरी बोल्ट जास्त ताणला जातो.

नट शेवटचा आवळला तो गाडी चाकांवर उभी करून. लटकत्या आर्मवर आवळला असता तर गाडी खाली येताच नव्या बुशाचं रबर कायमचं पिळलेलं राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं. या एका गोष्टीसाठी मी गिऱ्हाइकाला खुशाल ताटकळत ठेवतो. टॉर्क रेंच खटकला, नटावर आणि बोल्टावर मिळून रंगाची रेघ ओढली आणि काकांना थोडी धाव झाल्यावर दाखवायला सांगितलं.

ते आले, रेघ जुळलेली होती, म्हणजे नट हलला नव्हता. दुसऱ्या बाजूचं बुशही चिरलंय, ते मी तेव्हाच दाखवलं होतं. "परीक्षा संपल्या की करू," म्हणाले. त्या बाजूचा बोल्टही तसाच गंजलेला असणार, म्हणून तसाच आणखी एक आणून ठेवलाय.