डिझायनरने पगारवाढ मागताना: माझा अनुभव

पुण्यातल्या एका जाहिरात एजन्सीत मी ग्राफिक डिझायनर आहे. पगारवाढ एप्रिलमध्ये होते, पण आकडे त्याआधीच ठरलेले असतात. म्हणून दिवाळीचा हंगाम आटोपला आणि जानेवारीतच मी सरांची वेळ मागितली.

आमच्या क्षेत्रात कामाचं कौतुक भरपूर होतं, मोजदाद कोणी करत नाही. म्हणून नावाजलेल्या जाहिराती बाजूला ठेवून मी वेगळीच फाइल केली. क्लायंटचा मजकूर जुन्या फाँटमध्ये येतो, युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. दिल्लीहून येणाऱ्या मास्टर लेआउटमध्ये, म्हणजे जाहिरातीच्या मूळ मांडणीत, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात, ते मराठी डोळ्याला लगेच खुपतात. हे सगळं मी निस्तरत होतो आणि जॉब शीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, त्याची एक ओळही नव्हती. पाडव्याच्या पानभर जाहिरातीचे आधीचे आणि नंतरचे प्रिंट मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

सरांनी अकाउंट्सच्या मॅडमना बोलावून विचारलं, “हे आपण बिलात लावतो का?”

“लावतो ना सर, अ‍ॅडॅप्टेशन म्हणून.”

अ‍ॅडॅप्टेशन म्हणजे तयार जाहिरात दुसऱ्या भाषेत बसवणं. माझ्या मते बोलणं तिथेच फिरलं. जे काम ‘तू करतोसच की’ म्हणून धरलं जात होतं, त्याचे पैसे क्लायंट देत होता.

मी २५ टक्के मागितले. “यंदा बजेट ताणलेलं आहे रे,” म्हणत सर १२ वर आले, तेही सीटीसीवर, म्हणजे कंपनीला माझ्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चावर. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरलेली असते, त्यामुळे ब्रेकअप, म्हणजे पगाराची फोड, पाहिल्याशिवाय हो म्हणू नये. मी तो मागवला, तर वाढीचा मोठा भाग व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेल्या, कमी-जास्त होणाऱ्या रकमेत! “सर, २५ नको, पण जे द्याल ते फिक्स्डमध्ये द्या,” म्हटलं. शेवटी १८ वर जमलं.

आणखी एक मागणी मी सोडली नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं असतं. माझी चित्रं एजन्सी कितीही वेळा वापरो, मला मिळतो तो पगारच. म्हणून निदान पोर्टफोलिओत ती दाखवायची लेखी परवानगी हवी होती. एचआरने आधी नुसता आकडा असलेलं पत्र पाठवलं, ते मी परत केलं. दुसऱ्या पत्रात परवानगीची ओळ आली, तेव्हा सही केली.