नैराश्य परत डोकावू लागलं तर

नैराश्य परत येताना बहुतेकदा रडू घेऊन येत नाही. आधी झोप मोडते. पहाटे साडेतीनलाच जाग येते, मग डोळा लागत नाही. फोन नुसता वाजत राहतो, अंघोळ दुपारवर जाते, डबा अर्धा तसाच परत येतो. आपल्या खुणा बरं असतानाच लिहून घरातल्या एकाकडे द्या, कारण आजारात त्या स्वतःला दिसत नाहीत. त्या दोन आठवडे टिकल्या तर डॉक्टरांना भेटाच.

सर्वांत जास्त घोळ गोळ्यांचा होतो. बरं वाटलं की लोक त्या सोडतात. खरं तर बरं वाटू लागल्यावरही साधारण ६ ते ९ महिने त्या चालू ठेवतात, आजार वारंवार उलटत असेल तर २ वर्षं किंवा जास्त. एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्यानं. उरलेलं जुनं पाकीटही मनानं सुरू करू नका.

दिवस काढताना इच्छा होण्याची वाट पाहू नका. आधी हालचाल, उत्साह मागून येतो. काम बारीक करा. सगळा स्वयंपाक नको, कुकरला मूगडाळीची खिचडी लावा. सगळी भांडी नकोत, पाचच घासा. उठायची वेळ एकच ठेवा, सकाळच्या उजेडात २० मिनिटं चाला.

घरच्यांनो, ‘मन रमव’ म्हणू नका. ‘चप्पल घाल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणा.

मरणाचे विचार आले तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा, गोळ्यांचा साठा त्यांच्याकडे द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.