आत्याचा टीएसएच आणि प्रयोगशाळेतले उंदीर

लालबागच्या माझ्या आत्याची थायरॉईड ग्रंथी कर्करोगामुळे काढून टाकली, त्याला चार वर्षे झाली. गेल्या महिन्यात तिच्या रक्ततपासणीत टीएसएच मर्यादेखाली आल्याने तो आकडा ठळक अक्षरांत छापून आला, आणि चाळीतल्या सर्वांनी तिला गोळी कमी करून घेण्याचा सल्ला दिला. "अरे, तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतोस ना, मग नीट समजावून सांग," असा तिचा फोन आला. फोनवर ते जमले नाही, म्हणून इथे लिहितो.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक आहे. रक्तातले थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक, घटले की टीएसएच वाढते आणि थायरॉईडच्या पेशींना कामालाही लावते व वाढायलाही. न्यूझीलंडमधील ग्रीसबाख, केनेडी आणि पर्व्हिस यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोहरीच्या कुळातील बियांच्या आहारावर दीर्घकाळ ठेवलेल्या उंदरांच्या थायरॉईडमध्ये गाठी आढळल्या. (फोडणीतल्या चिमूटभर मोहरीला घाबरण्याचे कारण नाही.) या बियांतील द्रव्ये थायरॉक्सिन तयार होण्यात अडथळा आणतात, त्यामुळे पिट्युटरी महिनोन्‌महिने टीएसएच सोडत राहते.

उंदराच्या श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी चिकटलेले थायरॉईडचे खंड एरवी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे असतात. थायरॉक्सिन तयार होऊ न देणारे थायोयुरॅसिल हे औषध दिलेल्या उंदरात मात्र तेच फुगून गडद लाल झालेले दिसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेंगण्या पेशींच्या जागी उंच पेशींची दाटी झालेली असते. मला सर्वांत पटणारा पुरावा याच्या उलटा आहे: थायोयुरॅसिल चालू असतानाच थायरॉक्सिन दिले, किंवा पिट्युटरी काढून टाकली, तर ग्रंथी फुगत नाही. म्हणजे वाढीमागे ते औषध स्वतः नसून टीएसएच असते. फेनोबार्बिटल हे फिट्सवरचे औषध तर थायरॉईडला हातही लावत नाही. ते यकृतातील विकरे वाढवून थायरॉक्सिनचा निचरा लवकर करते, आणि उंदरात शेवट पुन्हा टीएसएच वाढण्यात आणि ग्रंथी फुगण्यातच होतो.

मात्र उंदराचे गणित माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही. माणसाच्या रक्तात थायरॉक्सिनला धरून ठेवणारे खास प्रथिन असते, त्यामुळे थायरॉक्सिनचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे संपायला लागणारा काळ, सुमारे सात दिवसांचे असते. प्रौढ उंदरात ते एक दिवसही नसते, म्हणून त्याच्या पिट्युटरीला सतत टीएसएच सोडत राहावे लागते. नर उंदराचे टीएसएच मादीपेक्षा जास्त, आणि गाठीही त्यालाच अधिक.

आत्याची गोळी थायरॉक्सिनचीच आहे. ती ग्रंथीची उणीव भरून काढते, शिवाय उरलीसुरली एखादी कर्कपेशी असलीच तर तिला टीएसएचची चिथावणी मिळू नये, एवढ्यासाठीच तिचा डोस थोडा चढा ठेवलेला असतो. तो फार चढा राहिल्यास हृदयाला आणि हाडांना त्रास होतो, त्यामुळे किती ठेवायचा हे तिचे डॉक्टर ठरवतील, चाळ नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर परळला उरलेल्या थायरॉईड-पेशी मारणारे किरणोत्सारी आयोडीन घेण्यापूर्वी हीच गोळी काही आठवडे मुद्दाम बंद केली होती, कारण टीएसएच वाढला की त्या पेशी आयोडीन अधिक शोषतात. मुंबईच्या मे महिन्यात आत्या शाल पांघरून बसायची. तेव्हाचा आकडा शंभराच्या घरात होता, आणि तोही ठळक अक्षरांतच छापला होता.