गाडी की विमान? बाबांसोबत ऑस्ट्रेलियातले 15 दिवस

आमच्या ऑस्ट्रेलिया ट्रिपचं सगळ्यात मोठं भांडण व्हिसावरून नाही झालं, बजेटवरून पण नाही, ते झालं नकाशावरून. एप्रिलअखेर ते मेचा दुसरा आठवडा असे 15 दिवस, सिडनी, मेलबर्न, ॲडलेड आणि वाळवंटातला तो प्रचंड खडक उलुरू, एवढं बघायचं ठरलेलं, आणि नवऱ्याचं म्हणणं की सगळं गाडीनेच करू, रोड ट्रिपची मजाच वेगळी. माझं म्हणणं की विमानाने जाऊ, दिवस वाचतील. आणि मध्ये बसलेले माझे बाबा, 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर, त्यातली बरीच वर्षं लाँग रूटच्या रातराणीवर. त्यांनी चष्मा लावून नकाशा बघितला आणि एकच विचारलं, "किलोमीटर सांगू नकोस, वाटेत थांबायला काय आहे ते सांग आणि अंधार किती वाजता पडतो ते सांग."

खरंच सांगते, आमचं सगळं प्लॅनिंग त्या दोन प्रश्नांवर झालं.

कारण नकाशावर ऑस्ट्रेलिया फसवतो. सगळी नावं सुटसुटीत, गर्दी नाही, त्यामुळे गावं जवळजवळ वाटतात. सिडनी ते मेलबर्न ह्यूम हायवेने साधारण 880 किमी. म्हणजे समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर पूर्ण 701 किमी पार करायचा आणि वर अजून पावणेदोनशे. रस्ता उत्तम आहे, दोन्ही बाजूंना दोन-दोन लेन, पण गावांना बायपास करून जातो, म्हणजे मुद्दाम आत वळल्याशिवाय काही दिसत नाही. नऊ तास नुसतं ड्रायव्हिंग, जेवण-चहा-टॉयलेट धरून अकरा. विमानाने दीड तास. अर्थात विमानाचा दीड तास म्हणजे दीड तास नसतो, हॉटेलातून निघून एअरपोर्ट, तिथे थांबणं, बॅगा, आणि मेलबर्न एअरपोर्टला ट्रेन जात नाही म्हणून बस, सगळं धरून आमचे साडेपाच तास गेले. तरी निम्मा वेळ. हा टप्पा विमानाने केला त्याचं मला वाईट वाटत नाही, फक्त मुलाला होलब्रुकला थांबायचं होतं. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या त्या छोट्या गावात एक खरीखुरी पाणबुडी जमिनीत बसवून ठेवलेली आहे, ती राहिली. त्याने ते अजून दोनदा तरी काढलंय.

आणि एक, स्वस्त तिकिटात चेक-इन बॅग धरलेली नसते, केबिनमध्ये बहुतेक 7 किलोच. तिकिटांची तुलना करताना बॅगांचे पैसे चार माणसांचे धरून मग गाडीभाड्याशी करा, आम्ही पहिल्यांदा केली ती चुकीचीच होती.

मेलबर्न ते ॲडलेड मात्र गाडीने, याबाबत तिघांचं एकमत. सरळ हायवेने गेलं तर 730 किमीच्या आसपास, एका दिवसात होतं, पण मग त्यापेक्षा विमानानेच जावं. आम्ही ग्रेट ओशन रोडने, समुद्राच्या कडेकडेने गेलो, हजार किमीच्या घरात, तीन दिवस दोन मुक्काम. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात हा रस्ता खणला, कुदळ-फावड्याने आणि सुरुंग लावून, आणि युद्धात गेलेल्या आपल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून बांधला. रस्त्यावर त्या सैनिकांच्या स्मरणार्थ एक कमान आहे, बाबा तिच्याखाली उतरले आणि खूप वेळ दगडाच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांना घाटाचे रस्ते कसे बनतात आणि कसे ढासळतात हे माहीत आहे, वरंधा, आंबेनळी सगळं पावसाळ्यात चालवलेलं आहे त्यांनी.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. मेलबर्नहून पश्चिमेला जा, ॲडलेडहून उलटं येऊ नका. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे पश्चिमेला जाताना समुद्र तुमच्या बाजूला येतो आणि थांबायच्या जागांवर वळताना समोरून येणारी लेन ओलांडावी लागत नाही. पहिला मुक्काम अपोलो बे. अंतर फार नाही पण वळणं इतकी आणि थांबावंसं इतकं वाटतं की दिवस कसा गेला कळलं नाही. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडावर कोआला झोपलेले, मुलगा मान वर करून करून दमला. दुसऱ्या दिवशी ट्वेल्व्ह अपोस्टल्स, चुनखडकाचे ते उंच सुळके, बारा नाहीत, कधी नव्हतेच म्हणे, आणि त्यातला एक 2005 मध्ये डोळ्यादेखत कोसळला. थोडं पुढे लंडन ब्रिज नावाची खडकाची कमान होती, तिचा जमिनीकडचा भाग 1990 मध्ये पडला तेव्हा दोन पर्यटक पलीकडे अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. विमानाने जाऊन ही जागा हुकली असती तर मला आयुष्यभर हळहळ वाटली असती.

त्या रात्री मुक्काम माउंट गॅम्बियर गावात. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशी शिरू नये म्हणून बाहेरची फळं न्यायला बंदी आहे, त्यामुळे सीमेच्या आधी गाडी बाजूला घेऊन सगळ्यांनी सफरचंदं आणि संत्री संपवली. घड्याळ अर्धा तास मागे. मुलाने लगेच हिशोब केला, या दिवसांत इथे आणि पुण्यात बरोब्बर चार तासांचा फरक, आणि त्याने आजीला फोन लावला. माउंट गॅम्बियरचं ब्लू लेक हे तळं नोव्हेंबरपासून गडद निळं होतं, आम्हाला करड्या रंगाचं दिसलं, तेही छान होतं.

आता खरा वाद. ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज, म्हणजे वाळवंटाच्या मधलं गाव, जिथून उलुरूला जायचं, स्टुअर्ट हायवेने 1530 किमी. नवऱ्याच्या मनात हे दोन वर्षांपासून. मध्ये कूबर पेडी, ओपलच्या खाणींचं गाव, उन्हाळ्यापासून वाचायला लोक जमिनीखाली घरं करून राहतात, तिथे मुक्काम. मलाही मोह होता. पण बाबांनी वही घेतली. मेमध्ये उजेड साधारण अकरा तास. अंधार पडायच्या आत गाडी थांबलीच पाहिजे, कारण संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, आणि शंभरच्या स्पीडला कांगारू म्हणजे आपल्याकडे रानडुक्कर आडवं यावं तसं. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी जवळजवळ 250 किमी एकही पेट्रोल पंप नाही. म्हणजे दोन दिवस, रोज सरासरी साडेसातशेच्या वर, एकसारख्या सरळ रस्त्यावर. "जावईबापू," बाबा म्हणाले, "मी हे पगार घेऊन केलंय. तुम्ही सुट्टी घेऊन कशाला करता? चार दिवस असते तर मीच म्हणालो असतो चला." चार दिवस नव्हते. विमान घेतलं, दोन तास. बाबा खिडकीशी बसले, खाली लाल माती आणि पांढरीफेक मिठाची तळी, आणि ते एकदा हळूच म्हणाले, "रस्ता दिसतोय बघ, एकच रेघ." नवऱ्याने वाकून बघितलं, काही बोलला नाही. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं.

म्हणून ॲलिसहून उलुरू गाडीने. खूप जणांना वाटतं उलुरू ॲलिसच्या शेजारी आहे, तसं नाही, 450 किमी, पाच तास. सिडनी-मेलबर्नहून थेट उलुरूला विमानं आहेत, दिवस कमीच असतील तर तेच करा. पण वाळवंटातला एक दिवस जमिनीवरून जायला हवा असं माझं आता ठाम मत झालंय. 200 किमीवर एर्लडुंडा, तिथे टाकी फुल करायची आणि उजवीकडे वळायचं. नंतर मोबाईलला रेंज नाही, नकाशा आधीच डाउनलोड केलेला, गाडीत माणशी पाच लिटर पाणी. मग डावीकडे एक भलामोठा डोंगर दिसला आणि आम्ही सगळे ओरडलो उलुरू उलुरू, तो निघाला माउंट कॉनर, वरून सपाट, आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या गडासारखा. खरा उलुरू दिसला तेव्हा कोणी ओरडलं नाही. 348 मीटर उंच, एकच दगड. त्यावर चढायला 26 ऑक्टोबर 2019 पासून बंदी आहे, अनंगू लोकांची ती पवित्र जागा, आणि ते योग्यच झालं. आम्ही खालून चाललो, बाबांचे गुडघे जेवढं म्हणाले तेवढं.

गाडीभाड्याचं मात्र नीट वाचा. ॲलिसला घेऊन उलुरूच्या एअरपोर्टवर सोडायचा जादा आकार आम्हाला माहीत होता, पण रोजच्या किलोमीटरला मर्यादा होती हे करारात खाली लिहिलेलं मी वाचलं नव्हतं, उलुरूजवळच्या काटा त्जुटा या खडकांच्या फेऱ्या धरून वरच्या किलोमीटरचे पैसे भरावे लागले. रात्री गावाबाहेर गाडी चालवली आणि जनावर धडकलं तर विमा नाही, हे पण त्याच पानावर होतं.

त्या रस्त्यावरची एक गोष्ट. स्टुअर्ट हायवेवर समोरून रोड ट्रेन येतात, एका इंजिनला तीन-तीन ट्रेलर, 53.5 मीटरपर्यंत लांब, म्हणजे एकामागे एक पाच एसटी. जवळून गेली की आपली गाडी हलते. पहिली आली तेव्हा बाबा पुढच्या सीटवर एकदम ताठ बसले, आणि तिच्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. तिकडे रिकाम्या रस्त्यावर समोरच्याला असा नमस्कार करतात. बाबांना सांगावं लागलं नाही, घाटात समोरून एसटी आली की ते हात वर करायचे तसा त्यांचा हात आपोआप वर गेला. एर्लडुंडापर्यंत एकही गाडी त्यांनी सोडली नाही.